लिफ्टवाल्याचा खर्ज

लिफ्टवाल्याचा आवाज घडला तो शाफ्टमध्ये. लिफ्ट दुरुस्त करायची तर एक माणूस लागतो वर, मोटरच्या खोलीत, आणि एक पार खाली खड्ड्यात, लिफ्टच्या पोटाखाली. खालच्याचा शब्द वर धड पोचला नाही तर खालच्याचं काय व्हायचं ते होतं. पातळ आवाज त्या उभ्या पोकळीत भिंतींवर आपटत आपटत जातो आणि वर पोचेपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. म्हणून उमेदवारीतच त्यानं सवय लावून घेतली, शब्द बेंबीच्या देठापासून काढायचा, सुटा काढायचा आणि पोत्यासारखा जड काढायचा. त्याची बायको सांगायची, "हे पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा मी मागं वळून बघितलं. म्हटलं, दुसरं कोण बोललं?"

पुढं मोबाइल आले, शाफ्टमध्ये ओरडायची गरज उरली नाही, आणि मग नोकरीही संपली. एवढा कमावलेला आवाज, त्याचं करायचं काय? कुणी म्हातारपणी झाडं लावतं, कुणी देवाला लागतं. लिफ्टवाल्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. गच्चीवर अँटेनाची तार ताणली, स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळवजा खोलीत टेबल टाकलं, त्यावर संच ठेवला, आणि कुठल्या कुठल्या शहरातल्या, कधी तोंड न पाहिलेल्या माणसांशी बोलू लागला.

रविवारी सकाळी त्यांची बैठक भरायची. चालवायचे ते एक निवृत्त पोस्टमास्तर. एकेका स्टेशनचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं सांकेतिक नाव, पुकारायचं, ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं, हवा कशी आहे, ऐकू कसं येतंय ते सांगायचं आणि शेवटी 'ओव्हर' म्हणून दुसऱ्याला वाट द्यायची. पोस्टमास्तर नियमाला असे पक्के की समोरचा 'ओव्हर' म्हणायला विसरला तर ते तसेच ताटकळत बसायचे. या बैठकीत लिफ्टवाल्याला कुणी लिफ्टवाला म्हणत नसे. तिथं त्याचं नाव पडलं होतं खर्ज.

आता खरी गोम अशी की रेडिओचा संच माणसाचा सगळा आवाज पाठवत नाही. वरची कड छाटतो, खालची छाटतो आणि मधला पट्टा तेवढा पुढं ढकलतो. जड आवाजाचं त्यात डब्यात बोलल्यासारखं होतं. त्यावर औषध सांगितलं फोटोवालीनं. बैठकीतली ही एकटी बाई, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचा फोटो स्टुडिओ होता. "फोटो काढल्यावर मी चेहरा जरा उजळ करतेच ना," ती म्हणाली, "तसं आवाजाचं सॉफ्टवेअर असतं. फुकट मिळतं. माइक आधी कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून संचाला."

त्यानं जोडलं, आणि मग त्याला त्याचं वेडच लागलं. पडद्यावर उभ्या पट्ट्या होत्या. ही वर केली की आवाजाला बूड यायचं, ती खाली केली की 'स' आणि 'श'ची सळसळ जायची. एक भाग मोठा आवाज दाबायचा आणि बारीक उचलून धरायचा, म्हणजे तोंडातून कसंही निघो, तिकडं भरीवच पोचायचं. आणि एक होतं फाटक. आवाज एका मर्यादेच्या खाली गेला की ते आपोआप बंद, शब्द आला की उघडं. त्यामुळे पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचं भांडण सगळं बाहेर. कानाला गच्च हेडफोन लावून तो हाच तयार आवाज ऐकत बोलायचा. स्वतःच्या आवाजावर माणूस इतका खूश असू नये, पण तो होता.

मग एक दिवस त्याला वाटलं, आवाजाची धार जरा गेलीय. त्यानं माइक पुसला. पुन्हा गेली, तेव्हा माइक बदलला. खालची पट्टी केसभर वर घेतली. काही महिन्यांनी आणखी. सळसळ फार येते म्हणून वरची खाली. आवाज उचलणारा भाग थोडा चढा. दर वेळी हेडफोनमध्ये खर्ज परत यायचा आणि तो मान हलवायचा, की जमलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यानं आयुष्यभर हाताखालच्यांना ऐकवली होती. स्वतःचं अंगण मात्र तो सरळ करत सुटला होता.

त्या रविवारी कॉम्प्युटरनं दगा दिला. काहीतरी आपसूक नवं बसलं होतं आणि सॉफ्टवेअर माइक ओळखेना. बैठक सुरू झालेली. लिफ्टवाल्यानं संचाबरोबर आलेला साधा हातातला माइक कपाटातून काढला, थेट संचात खुपसला, आणि आपलं कॉल साइन आल्यावर उत्तर दिलं.

पलीकडून पोस्टमास्तरांनी तेच कॉल साइन पुन्हा एकदा पुकारलं.

"या कॉल साइनवर कोण बोलतंय? ओव्हर," पोस्टमास्तर म्हणाले.

"मीच. खर्ज. दुसरं कोण असणार? ओव्हर."

"खर्जांचा आवाज आम्ही ओळखतो. आपण कोण?"

पोस्टमास्तर 'ओव्हर' म्हणायला विसरले, यावरूनच त्याला कळायला हवं होतं.

"पोस्टमास्तर, चेष्टा पुरे. माझा कॉम्प्युटर बंद पडलाय, म्हणून हातातल्या माइकवरून बोलतोय. ओव्हर."

"माइकनं माणूस बदलत नाही. दुसऱ्याच्या कॉल साइनवर बोलणं हा गुन्हा आहे, आपल्याला माहीत असेल. सर्व स्टेशनांना विनंती, या स्टेशनला कुणीही उत्तर देऊ नये. ओव्हर."

आणि कुणी दिलं नाही. तो पुन्हा बोलला, तिसऱ्यांदा बोलला. ज्यांच्या घरच्या आजारपणापासून मुलांच्या परीक्षांपर्यंत सगळं त्याला पाठ होतं, ती माणसं त्याच्या डोक्यावरून एकमेकांना हवा-पाणी सांगत राहिली. आपल्याच दाराची बेल वाजवावी आणि आतल्यांनी भोकातून बघून कडी आणखी घट्ट लावावी, तसं झालं. लिफ्टवाल्याला राग यायला हवा होता, तो येईचना.

"पोस्टमास्तर, मध्ये बोलते, माफ करा." ही फोटोवाली. "या स्टेशनला मी एकच विचारते. माझ्या गच्चीवर अँटेना उभा करताना काय तोडलं होतं? ओव्हर."

"शेजाऱ्याच्या टाकीचा पाइप," लिफ्टवाला म्हणाला. "आणि तुझ्या नवऱ्यानं तोडला, असं मी शेजाऱ्याला सांगितलं. ओव्हर."

"तेच आहेत हे," फोटोवाली म्हणाली. "ही गोष्ट आत्तापर्यंत माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हती. आता तो इथंच बसलाय, त्याला कळली. ओव्हर."

एरवी बैठक हसली असती. पोस्टमास्तर सावकाश म्हणाले, "मग तुमच्या आवाजाला काय झालंय? ओव्हर."

"माइक जुनाट आहे. ओव्हर."

या लोकांत एक रीत आहे. आपला आवाज पलीकडं कसा पोचतो ते बोलणाऱ्याला कळत नाही, म्हणून ऐकणारा तो टिपून घेतो आणि त्याचा त्याला परत ऐकवतो. नवा माइक आणला की लोक हौसेनं मागतात, जरा माझं मला ऐकवा. फोटोवालीनं आज न मागता टिपलं होतं. "ऐकवू का?" तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच तिच्या विचारण्यात काचकूच होती.

हेडफोनमध्ये एक म्हातारा बोलू लागला. आवाज घोगरा म्हणावा तर घोगराही नाही. जुन्या गोणपाटातून भुसा गळावा तसे शब्द गळत होते. अर्ध्या शब्दाला वाराच निघत होता, आणि दोन वाक्यांच्या मध्ये खरडून खरडून श्वास. 'मीच. खर्ज. दुसरं कोण असणार?' असं तो म्हातारा म्हणाला.

"हे चुकून दुसऱ्या कुणाचं लागलं तुमच्याकडून. ओव्हर," लिफ्टवाला म्हणाला.

"नाही हो," फोटोवाली म्हणाली. ओव्हर तीही म्हणाली नाही.

त्यानं संच बंद केला. बिघाड शोधायची त्याची एक पद्धत होती. एकेक भाग बदलत जायचं, ज्यानं फरक पडेल तो वाईट. कॉम्प्युटरचं गाडं तासाभरात वळणावर आणलं, सगळ्या पट्ट्या बंद केल्या आणि नुसता कच्चा आवाज टिपायला लागला. आधी हातातल्या माइकवर, मग चांगल्या, मग त्याच्या आधीच्या, मग कपाटात टाकून दिलेल्या. वायर बदलली. शेवटी मोबाइलवर टिपून बघितलं. सगळीकडं तोच म्हातारा. सगळे भाग बदलून झाले होते. एक तेवढा राहिला होता, आणि तो खुर्चीत बसलेला होता.

लिफ्टचा दोर झिजून लांबला की लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबते. अडाणी मेकॅनिक दोराकडं बघत नाही, थांबायची खूण तेवढी बोटभर वर सरकवतो. महिन्यानं पुन्हा सरकवतो. लिफ्ट बरोबर मजल्याला लागते, लोक खूश, आणि दोर तिकडं तुटायच्या वाटेवर. अशा एकाला लिफ्टवाल्यानं भर ऑफिसात आई-बहिणीवरून शिव्या दिल्या होत्या. आता त्यानं पडद्यावरच्या आपल्या पट्ट्या बघितल्या. खालची अगदी टोकाला टेकली होती. पुढं सरकवायला जागाच नव्हती.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. बायको ताटं पुसत होती.

"अगं, माझा आवाज बसलाय का?"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. "आज विचारताय?"

"किती दिवस झाले?"

"दिवस काय सांगू आता. मागच्या उन्हाळ्यातसुद्धा नीट नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, नवा माइक मागवलाय, आता ठीक होईल. मी म्हटलं असेल बाई, मला काय कळतंय त्यातलं." ती पुन्हा पुसायला लागली, तेच ताट. "दाराबाहेर ऐकू यायचा तो घोगरा आवाज. वाटायचं, तिकडं तसंच बोलायची पद्धत असेल."

"आणि घरात?"

"घरात तुम्ही बोलता कुठं? हूं. बरं. नको. लेकीचा फोन आला तरी लांबून हात हलवता. आणि आत गेलात की तासन् तास. मी म्हटलं, कंटाळा आला असेल आपला. असतो एकेकाचा जीव एकेकात."

लिफ्टवाला ओट्याला टेकला. त्याला आता आठवायला लागलं, की चार वाक्यं बोललं की घसा खरवडल्यासारखा व्हायचा, म्हणून दिवसभर तो शब्द गिळायचा. राखून ठेवायचा. त्यानं कधी ठरवलं नव्हतं तसं. पण राखलेलं सगळं त्या खोलीत जाऊन ओतलं होतं, आणि इकडं ही बाई मनाशी ठरवून मोकळी झाली होती की आपण नवऱ्याच्या मनातून उतरलो. रागावली नव्हती, रडली नव्हती. सवय करून घेतली होती तिनं. याचाच त्याला जास्त धक्का बसला.

घशाच्या डॉक्टरनं नाकातून बारीक नळी घातली आणि आतलं सगळं पडद्यावर दिसलं. गुलाबी, ओलं, आणि एका बाजूला फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरनं विचारलं.

"दोनेक वर्षं मी दुरुस्त करतोय," लिफ्टवाला म्हणाला.

"कशानं? कुठली औषधं?"

"औषध नाही. कॉम्प्युटरनं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि बायकोकडं बघितलं. माणूस शुद्धीवर आहे ना, अशी खात्री करून घेतल्यासारखं. बायको म्हणाली, "खरंच सांगतायत ते."

घशातून काढलेला तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर होता आणि एका जागी राहिला नव्हता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. पुढं बोलायच्या काही युक्त्या शिकवतात, पण हा आवाज जाणार.

"आणि जीव?" बायकोनं विचारलं.

"राहायची चांगली शक्यता आहे. म्हणून तर उशीर नको. पुढच्याच आठवड्यात करू. लवकर आला असता तर..." एवढं बोलून डॉक्टर कागद चाळायला लागला.

दवाखान्याच्या जिन्यात लिफ्टवाला मध्येच थांबला. "नाही केलं तर? आहे तेवढे दिवस बोलून घेतलं तर?"

"तर मी इथूनच ढकलते," बायको म्हणाली. "दोघांचा वेळ वाचेल. चला."

बैठकीला बातमी पोस्टमास्तरांनी सांगितली आणि त्या दिवशी त्यांनी एकदाही कुणाला नियम शिकवला नाही. दुसऱ्या दिवशी फोटोवाली घरी आली, लॅपटॉप घेऊन. रविवारच्या सगळ्या बैठका तिनं साठवून ठेवल्या होत्या. आता असं सॉफ्टवेअर निघालंय, ती सांगू लागली, की माणसाचा साठवलेला आवाज त्याला खाऊ घातला तर तो शिकतो. मग आपण टाइप करायचं आणि कॉम्प्युटर त्या माणसाच्या आवाजात बोलतो.

"तुमचं इतकं साठलंय की दुसऱ्या कुणाचं नसेल," ती म्हणाली. "ऑपरेशननंतरही खर्ज बैठकीला येईल. बघा."

तिनं लावलं आणि बोळवजा खोली आवाजानं भरून गेली. भरीव, गोल, सुटा शब्द. लिफ्टवाल्याला भडभडून आलं. हरवलेलं पोर पोलीस चौकीत सुखरूप सापडावं तसं झालं त्याला.

बायको चहाचे कप घेऊन दारात आली. "कोण आलंय आणखी?"

"कोण म्हणजे? वहिनी, आवाज ओळखला नाहीत?"

"नाही. तुमच्यातले कुणी आहेत का? पोस्टमास्तर?"

फोटोवालीनं लिफ्टवाल्याकडं बघितलं. तो खाली बघत होता. "हे यांचंच आहे," ती म्हणाली.

बायको कप हातात धरूनच ऐकत राहिली, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "असेल. पण यांचा खर्ज मी ऐकलाय ना, तरणेपणी. तो असा गुळगुळीत नव्हता. बोलताना मध्येच दम घ्यायचे, नाकानं सूं करायचे, शब्द आठवला नाही की टाळ्याला जीभ लावायचे. हा माणूस श्वासच घेत नाही."

श्वास फाटकानं बाहेर ठेवले होते. पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि श्वास, सगळं एकाच मापानं. साठवलेल्या कुठल्याच रविवारात तो नव्हता. जगाकडं होता तो त्याचा आवाज नव्हे, आणि त्याचा होता तो कुणाकडंच साठवलेला नव्हता. डॉक्टरनं निकाल सांगितला तेव्हाही लिफ्टवाल्याला एवढं लागलं नव्हतं.

"मग आता टिपू," फोटोवाली हळूच म्हणाली. "आहे तसा. पट्ट्या नकोत, फाटक नको, काहीच नको."

"हा? हा घोगरा?" लिफ्टवाला म्हणाला. "हा कुणाला ऐकवायचाय?"

"मला," बायको म्हणाली. "गेली दोन वर्षं मी हाच ऐकतेय. जेवढा मिळाला तेवढा."

फोटोवालीनं माइक पुढं ओढला, त्याच्या हेडफोनची वायर काढून ठेवली आणि मान हलवली. लिफ्टवाला बोलायला लागला. सवयीनं आधी कॉल साइनच आलं तोंडात. मग, हवा कोरडी आहे, वारा नाही.

"हवामान काय ठेवायचंय जपून?" बायको म्हणाली. "घरातलं बोला."

"घरातलं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलता ते."

तो आठवायला लागला. "अगं, ऐकलंस का? चष्मा कुठं ठेवलास? दार लाव, वारा येतोय. मीठ कमी आहे. मी आलो." एकेक वाक्य झाल्यावर तो थांबून पुढचं शोधायचा. "चहा टाक. बरं. हूं. नको." आणि मग काहीच येईना. तो आठवतोय आठवतोय आणि येतच नाही. हवेतून बोलायची शेकडो वाक्यं त्याला झोपेतही आली असती. घरातली एवढीच होती. घामेजल्या चेहऱ्यानं त्यानं फोटोवालीकडं बघितलं, तर ती पडद्याकडं बघत होती, मुद्दामच. त्यानं बायकोकडं बघितलं.

"संपलं," तो म्हणाला.

बायकोनं कप टेबलावर ठेवले. "मग भांडा."

"कशावरून?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीला भोक पाडलंत ना, न विचारता, त्या मेल्या वायरीसाठी? त्यातून मुंग्या येतात."

"मुंग्या भोकातून येत नाहीत. साखरेचा डबा उघडा असतो म्हणून येतात."

"डबा कोण उघडा ठेवतं?"

"मी? मी साखर खातो का? डॉक्टरनं बंद करून किती..."

"चोरून खाता. चमचा ओला असतो डब्यात. मला काय दिसत नाही?"

"चमचा ओला तुझाच. तू चहा ढवळून तोच..." आवाज फाटला, नुसता वारा निघाला. तो खोकला, टाळ्याला जीभ लावली, खरडून श्वास घेतला. पडद्यावरची रेघ लाल होऊन थरथरत होती. फोटोवालीनं हातानं खूण केली, चालू द्या.

"बोला ना," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज भांडणाचाच होता. "चमच्याचं अजून संपलं नाही."